पानाला दहा डॉलर : सुपरहिरोंचे निर्माते आणि त्यांचा मोबदला

सुपरमॅन या पात्राचे सर्व हक्क मार्च १९३८ मध्ये १३० डॉलरना विकले गेले. विकणारे दोघे, लेखक जेरी सीगल आणि चित्रकार जो शुस्टर, क्लीव्हलंड शहरातील शाळासोबती होते आणि तेव्हा अवघ्या तेवीस वर्षांचे होते. वृत्तपत्रांना चित्रमालिका पुरवणाऱ्या कंपन्यांनी त्यांची कल्पना अनेकदा नाकारली होती. अखेर न्यूयॉर्कच्या एका कॉमिक प्रकाशकाने तेरा पानांची गोष्ट पानाला दहा डॉलर या दराने घेतली आणि त्याच व्यवहारात पात्राची मालकीही लिहून घेतली. ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात सुपरमॅन झळकला आणि अमेरिकेत सुपरहिरोंचा उद्योग उभा राहिला.

हा व्यवहार त्या काळच्या रीतीला धरूनच होता. कॉमिकची पुस्तके दहा सेंटला विकली जात आणि त्यांचे आयुष्य महिनाभराचे मानले जाई. लेखक व चित्रकारांना पानाच्या दराने पैसे मिळत. पुनर्मुद्रण, खेळणी, रेडिओ किंवा चित्रपट यांतून पुढे काही मिळाले तर ते प्रकाशकाचे. पुढे काही प्रकाशकांनी चेकच्या मागील बाजूसच हक्क सोडल्याचा मजकूर छापण्याची पद्धत पाडली. चेक वटवण्यासाठी सही करावीच लागे आणि त्या सहीबरोबर हक्कही जात.

सीगल आणि शुस्टर यांनी १९४७ मध्ये न्यायालयात धाव घेतली. सुपरमॅनची मालकी प्रकाशकाकडेच राहिली. सुपरबॉय या पात्रावरील दावा धरून सुमारे ९४ हजार डॉलरवर तडजोड झाली आणि दोघांची नावे सुपरमॅनच्या कथांवरून गेली. १९७५ मध्ये सुपरमॅनवर भव्य चित्रपट निघणार असल्याचे जाहीर झाले, तेव्हा सीगल लॉस एंजेलिसमध्ये कारकुनी करत होते आणि शुस्टर यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. सीगल यांनी आपली कैफियत वृत्तपत्रांकडे पाठवली. नील अ‍ॅडम्स आणि जेरी रॉबिन्सन या चित्रकारांनी तिला जनमताचे बळ मिळवून दिले. डिसेंबर १९७५ मध्ये, सुपरमॅनचा प्रकाशक असलेल्या डीसीची मालक वॉर्नर कंपनी हिने दोघांना वर्षाला प्रत्येकी वीस हजार डॉलर आणि निर्माते म्हणून श्रेय देण्याचे मान्य केले. कायद्याने कंपनीवर हे बंधन नव्हते. चित्रपटाच्या तोंडावर होणारी बदनामी तिला टाळायची होती. १९७८ च्या त्या चित्रपटातील छोट्या भूमिकेसाठी अभिनेते मार्लन ब्रँडो यांना मात्र ३७ लाख डॉलर आणि शिवाय उत्पन्नात वाटा मिळाला. पुढे सुपरमॅनच्या मोबदल्याचा १९३८ चा मूळ चेक २०१२ मध्ये लिलावात एक लाख साठ हजार डॉलरना विकला गेला.

१९७६ च्या अमेरिकन कॉपीराइट कायद्याने जुन्या निर्मात्यांना एक वाट खुली केली. विकलेले हक्क छप्पन्न वर्षांनी परत मागण्याची मुभा निर्मात्यांना किंवा त्यांच्या वारसांना मिळाली. परंतु निर्मिती प्रकाशकाच्या सांगण्यावरून आणि त्याच्या खर्चाने झाली असेल, तर कायद्याच्या दृष्टीने प्रकाशकच मूळ लेखक ठरतो; मग परत मागण्यासारखे काही उरत नाही. सुपरमॅन विक्रीपूर्वीच तयार होता, म्हणून सीगल यांच्या वारसांचा दावा काही काळ टिकला. अखेरीस वारसांनी कंपनीशी आधी केलेल्या तडजोडीच्या आधारे निकाल वॉर्नरच्या बाजूने लागला.

मार्व्हल या दुसऱ्या मोठ्या कॉमिक प्रकाशकाच्या बाबतीत सांगण्यावरून केलेल्या कामाचा हा अपवाद निर्णायक ठरला. फँटॅस्टिक फोर, हल्क, थॉर, एक्स-मेन ही पात्रे घडवण्यात चित्रकार जॅक कर्बी यांचा मोठा हात होता. ते नोकरीत नव्हते, पानाच्या दराने काम करत. डिस्नीने २००९ मध्ये मार्व्हल सुमारे चार अब्ज डॉलरना घेण्याचे ठरवले, त्याच सुमारास कर्बी यांच्या वारसांनी हक्क परत मागितले. दोन न्यायालयांत ते हरले. सर्वोच्च न्यायालय प्रकरण विचारात घेणार की नाही हे ठरण्याच्या तोंडावर, २०१४ मध्ये, आपसांत समझोता झाला. कर्बी यांचे सहनिर्माते स्टॅन ली यांची गोष्ट वेगळी. ते मार्व्हलचे संपादक व प्रमुख चेहरा होते आणि चित्रपटांच्या नफ्यातील वाटा त्यांच्या करारातच लिहिला होता. त्या आधारे त्यांनी २००२ मध्ये दावा लावला आणि २००५ मध्ये एक कोटी डॉलरवर तडजोड झाली.

१९८० च्या दशकारंभी डीसी आणि मार्व्हल दोन्ही कंपन्यांनी ठरावीक संख्येपलीकडे खपलेल्या अंकांवर रॉयल्टी देणे सुरू केले. चित्रपटात पात्र वापरल्याबद्दलही काही रक्कम देण्याची पद्धत पडली, पण ती चित्रपटाच्या कमाईच्या मानाने किरकोळ असते. ‘विंटर सोल्जर’ हे मार्व्हलचे पात्र आजच्या रूपात घडवणारे लेखक एड ब्रुबेकर यांनी २०२१ मध्ये सांगितले की, त्या पात्रावरच्या चित्रपटातील आपल्या काही क्षणांच्या भूमिकेतून त्यांना पात्राच्या निर्मितीपेक्षा अधिक पैसे मिळाले. याचे कारण असे की, अभिनेत्यांची संघटना आहे आणि पुनःप्रक्षेपणाचे मानधन तिने करारात बसवून घेतले आहे. कॉमिकच्या लेखक-चित्रकारांमागे अशी ताकद कधी उभी राहिली नाही.

करारातील एखादी ओळही किती महाग पडू शकते, हे डीसीच्या ‘वॉचमेन’ या कॉमिकने दाखवले. अंक छापणे थांबले की हक्क लेखक अ‍ॅलन मूर आणि चित्रकार डेव्ह गिबन्स यांच्याकडे परत जातील, असे ठरले होते. पण एकत्रित पुस्तकाला इतकी मागणी राहिली की छपाई थांबलीच नाही. मूर यांनी त्यावर निघालेल्या २००९ च्या चित्रपटावरून आपले नाव काढायला लावले आणि पैसेही नाकारले.

खरा लाभ झाला तो मालकी हातची न सोडणाऱ्यांना. केव्हिन ईस्टमन आणि पीटर लेअर्ड यांनी १९८४ मध्ये ‘टीनेज म्यूटंट निंजा टर्टल्स’ स्वतःच छापून काढले. २००९ मध्ये त्याचे हक्क सुमारे सहा कोटी डॉलरना विकले गेले. १९९२ मध्ये मार्व्हलच्या लोकप्रिय चित्रकारांनी इमेज कॉमिक्स स्थापन केली, जिथे पात्राची मालकी निर्मात्याकडेच राहते. रॉबर्ट कर्कमन यांचे ‘द वॉकिंग डेड’ तिथूनच निघाले आणि दूरचित्रवाणीवर गाजले. मात्र या वाटेवर निर्मात्यांमधील आपसांतला करारही तितकाच महत्त्वाचा ठरतो. या मालिकेचे पहिले चित्रकार टोनी मूर यांनी आपल्या वाट्यासाठी २०१२ मध्ये कर्कमन यांच्यावरच दावा लावला आणि तो तडजोडीने मिटला.

सुपरमॅनच्या पहिल्या गोष्टीवरील कॉपीराइट अमेरिकेत २०३३ अखेर संपेल. त्यानंतर त्या रूपातील सुपरमॅन कोणालाही वापरता येईल. नाव आणि छातीवरच्या चिन्हाचे व्यापारी हक्क मात्र कंपनीकडेच राहतील.