नदी कोणाची, कविता कोणाची?

शिरूरहून न्हावरामार्गे चौफुल्याकडे जाताना पारगावजवळ भीमा ओलांडावी लागते. अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड. कोर्टाच्या तारखांसाठी हा पूल मी कितीदा ओलांडला असेन! याच भागात एका भीमजयंतीच्या कविसंमेलनात कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने नदीवर कविता वाचली. तीत पहाटेचे धुके होते, काठचा ऊस होता, पाण्यावर उतरणारे बगळे होते. कविता संपताच एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने विचारले, "पोरी, यात आपलं काय आहे?" मुलगी गप्प बसली. तो प्रश्न मात्र माझ्या मनातून गेला नाही.

कार्यकर्त्याचे म्हणणे निराधार नव्हते. बालकवींची निसर्गकविता आपण शाळेत शिकलो. अशा कवितेतला कवी पाण्याकाठी निवांत बसतो आणि त्याला आनंद सापडतो. परंतु ज्यांना पाणवठ्यावरच मज्जाव होता त्यांनी पाण्यावर काय लिहावे? म्हणून दलित कवींनी निसर्गाचे कौतुक बाजूला ठेवले आणि माणूस शोधला. केशव मेश्राम यांच्या १९७७ च्या कवितासंग्रहाचे नावच 'उत्खनन' आहे. वर दिसते त्याचे वर्णन कोणीही करील. खाली दडपलेले बाहेर काढणे हा खरा शोध.

स्थळाकडे कसे पाहावे हे बाबासाहेबांनी कृतीतून शिकवले. १ जानेवारी १९२७ रोजी ते भीमाकाठच्या विजयस्तंभाला मानवंदना देण्यासाठी आले. १८१८ च्या लढाईतील 'नाक' प्रत्ययाची नावे त्या दगडावर आधीपासून कोरलेली होती. त्या नावांत त्यांनी समाजाचा स्वाभिमान वाचला. तीन महिन्यांच्या आत, २० मार्चला, ते महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले. दगड आणि पाणी, दोन्हींवरचा आपला हक्क त्याच वर्षी जगासमोर आला.

मग निसर्गाचे सौंदर्य आपण सोडून द्यायचे काय? मुळीच नाही. थेरगाथेत महाकाश्यप थेर पावसाने न्हालेल्या डोंगरकड्यांवर आपले मन रमते असे सांगतात. त्याच ग्रंथात कोमेजलेली फुले उचलून पोट भरणारा सुनीतही आपली कहाणी सांगतो. डोंगराचे सौंदर्य आणि कचरा उचलणारे हात यांना आपल्या धम्माच्या वाङ्मयाने वेगळे केले नाही. निसर्ग कोणालाही इनाम दिलेला नाही!

जमिनीच्या दाव्यात आम्ही वकील आधी चतुःसीमा पाहतो, मग विचारतो, वहिवाट कोणाची? हाच प्रश्न कवितेला विचारावा. त्या मुलीला मी एवढेच म्हणेन, बगळे राहू दे. पण त्याच धुक्यात कोयते घेऊन फडाकडे निघालेली ऊसतोड टोळीही तुला दिसते का, ते पाहा.

आणि आमच्या ज्येष्ठ बांधवाला माझे उत्तर असे : ज्यांच्या आया-आज्या पाणवठ्यापासून दूर उभ्या राहून कोणी पाणी घालील याची वाट पाहत, त्यांची लेक आज काठावर उभी राहून, कोणाची परवानगी न घेता, नदीला सुंदर म्हणते. यात आपले काय नाही? पुढच्या जयंतीला तिला पुन्हा मंचावर बोलवा.