डाव्या हाताची शीर जपा

“लघवी तर नीट होतेय, मग किडनी कशी बिघडेल?” किडनीच्या ओपीडीत हा प्रश्न रोज ऐकू येतो. लघवी किती होते आणि तिच्यातून काय बाहेर पडतं, या वेगळ्या गोष्टी आहेत. पाणी निघून जातं, पण युरिया आणि पोटॅशियम रक्तात साठत राहतात. ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते ते सांगणारा आकडा, १५च्या खाली गेला तरी काहींना थकवा आणि अन्नावरची वासना उडणं, एवढंच जाणवतं.

भरपूर पाणी प्यायलं की किडनी धुऊन निघते, हेही खरं नाही. लघवी कमी होऊ लागली की तेच पाणी पायांवर सूज आणतं, फुप्फुसात उतरतं. मिठाऐवजी सैंधव चालतं, हाही गैरसमज; सैंधव हेसुद्धा मीठच. कमी सोडियमच्या मिठात तर बहुतेकदा पोटॅशियम क्लोराइड असतं. पोटॅशियम वाढलेल्या माणसाला ते आणि नारळपाणी दोन्ही घातक. हृदयाचे ठोके बिघडू शकतात. गुडघेदुखीवर परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या उरलीसुरली किडनीही खातात.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र एका समजुतीने होतं: ‘डायलिसिसची एकदा सवय लागली की सुटत नाही.’ किडनीला अचानक इजा झालेले कितीतरी रुग्ण काही आठवडे मशीनवर राहून पुन्हा मोकळे होतात. जुनाट आजारात डायलिसिस सुटत नाही, कारण किडनीच भरून येत नाही. या भीतीपोटी लोक डायलिसिससाठी हातावर करायचा फिस्टुला लांबवतात. मग एका रात्री धाप लागते, आणि घाईघाईत मानेत नळी घालावी लागते. तिच्यातून जंतुसंसर्गाचा धोका कितीतरी जास्त.

फिस्टुला म्हणजे हातातली शीर धमनीला जोडणं. बहुधा हात बधिर करूनच होणारी छोटी शस्त्रक्रिया. शीर फुगून सुई टोचण्याजोगी व्हायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात, म्हणून ही शस्त्रक्रिया आधीच करायची. उजव्या हाताने कामं करणाऱ्या किडनीच्या रुग्णांनी फिस्टुलासाठी डावा हात आजपासून राखावा. रक्त काढायला आलेल्या सिस्टरला, सलाइन लावणाऱ्याला स्पष्ट सांगावं, “ताई, हा हात नको.” फिस्टुला झाल्यावर त्या हातावर बीपीचा पट्टाही नको.

रोज सकाळी फिस्टुलावर बोटं टेकवा. मांजर गुरगुरताना तिच्या अंगावर हात ठेवल्यासारखी थरथर लागते. ती लागली नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.