एका घडाला दोन हवामानं

नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी, निफाडच्या वाइनबागांत जानेवारी-फेब्रुवारीत तोडणीला येणाऱ्या घडाचं नशीब आधीच्या उन्हाळ्यातच निम्मं ठरलेलं असतं. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नव्या काड्या फुटतात आणि पुढच्या दीड-दोन महिन्यांत त्यांच्या डोळ्यांत घडाचा सूक्ष्म अंकुर तयार होतो. त्यासाठी डोळ्यांना लख्ख ऊन लागतं. त्या काळात आभाळ सतत भरून राहिलं किंवा वळवाच्या पावसानं वेल नुसता शेंडा वाढवत सुटला, तर ऑक्टोबरात त्याच डोळ्यांतून घडाऐवजी बाळी (नुसता ताणा) निघते, नाहीतर इवलासा गोळीघड.

युरोपात थंडी वेलाला झोपवते आणि वसंत त्याला जागं करतो. नाशिकचा वेल तसा झोपतच नाही. म्हणून इथे वर्षातून दोन छाटण्या आणि पीक मात्र एकच. दुसरी, म्हणजे फळछाटणी कधी करायची, हे बागायतदार ठरवतो. हंगामातला सगळ्यात मोठा निर्णय तोच. सप्टेंबरात घाई केली तर कोवळी फूट आणि फुलोरा परतीच्या पावसात सापडतो. पानं काही तास ओली राहिली तरी डावणी या बुरशीरोगाला पुरतं, आणि फुलोऱ्यातल्या घडावर ती आली की घडच हातचा जातो. नोव्हेंबर 2009 मध्ये ‘फयान’ चक्रीवादळाच्या पावसानं हे दाखवून दिलं. 26 नोव्हेंबर 2023 ला तर नाशिक जिल्ह्यात पावसाबरोबर गाराही पडल्या. गारेचा मार बसलेल्या मण्याला औषध नसतं.

उशीर केला तर मणी पिकतात मार्चच्या उन्हात.

मण्यात पाणी उतरू लागलं, म्हणजे तो पिकायला लागून मऊ होऊ लागला, की साखर चढते आणि आम्ल उतरतं. द्राक्षात मुख्य आम्लं दोन. टार्टरिक बऱ्यापैकी टिकून राहतं. मॅलिक मात्र मणी श्वसनात खर्च करतो आणि रात्र जितकी उबदार, तितका हा खर्च जास्त. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा दहा अंशांखाली जातो, तेव्हा दिवसाच्या उन्हात साखर भरते आणि रात्रीच्या गारव्यात आम्ल वाचतं. शिराझसारख्या काळ्या वाणांच्या सालीत रंगही याच थंडीत चांगला भरतो. हिवाळा ढगाळ आणि उबदार गेला तर गोडी हवी तेवढी येईपर्यंत आम्ल घसरलेलं असतं. मग वाइनरीत टार्टरिक आम्ल वरून घालावं लागतं. हे केवळ चवीसाठी नाही. आम्ल कमी असलेल्या रसात जीवाणूंचं फावतं आणि लाल वाइनचा रंगही फिका पडतो.

तोडणीच्या तोंडावरचा पाऊस आणखी वेगळा. वाइनला लहान मणी हवा, कारण रंग आणि टॅनिन सालीत असतं आणि लहान मण्यात रसाच्या मानानं साल जास्त. पावसाचं पाणी पिऊन मणी फुगला की रस पातळ होतो, साल तडकली की कूज लागते.

हवामानाचा हा परिणाम जुन्या नोंदींतूनही वाचता येतो. फ्रान्समधल्या बोन गावच्या द्राक्षतोडणीच्या तारखा 1354 पासून उपलब्ध आहेत. 1987 पर्यंतची सरासरी निघते 28 सप्टेंबर. 1988 नंतर तोडणी सरासरी तेरा दिवस अलीकडे आली आहे. तिथे ही एक तारीखच त्या वर्षीच्या उष्णतेचा हिशेब देते. नाशिकची नुसती तोडणीची तारीख तेवढं सांगू शकत नाही, कारण घड्याळ कात्रीनं लावलेलं असतं. इथल्या बागेच्या वहीत छाटणीची तारीख, पाणी उतरल्याचा दिवस, रात्रीचं तापमान, तोडणीच्या वेळचं ब्रिक्स (रसातली साखर) आणि आम्लता हे सगळं वर्षानुवर्षं एकत्र लिहिलं जायला हवं. तरच बदलत्या हवामानात छाटणी आठवडाभर मागे-पुढे करावी का, हे अंदाजाऐवजी आकड्यांवरून ठरवता येईल.