यंत्रवाहनांचा ध्वनी आणि हरणांची शिकार

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, विशेषतः पश्चिमेकडील राज्यांत, विस्तीर्ण वनभूमी संघशासनाच्या मालकीची आहे. परवाना घेतलेल्या सामान्य नागरिकास तिच्या बऱ्याच भागात हरणाची शिकार करता येते. पायी हिंडणाऱ्या शिकाऱ्यांची जुनी तक्रार अशी की, रस्ता सोडून रानात शिरणाऱ्या यंत्रवाहनांच्या आवाजाने हरणे पळून जातात व हंगाम वाया जातो. या तक्रारीची परीक्षा करताना ध्वनीची दोन कार्ये वेगळी करून पाहिली पाहिजेत.

पहिले कार्य संकेताचे. आवाजामागोमाग माणूस व बंदूक येते, असा अनुभव आलेल्या प्राण्यास तो आवाज हीच संकटाची सूचना ठरते. तसा अनुभव नसल्यास प्राणी त्याच आवाजास सरावू शकतो. दुसरे कार्य आवरणाचे. पांढऱ्या शेपटीच्या हरणास मनुष्याच्या सुमारे २०,००० हर्ट्‌झ या मर्यादेपलीकडचे ध्वनीही ऐकू येतात. पाचोळ्याची सळसळ वा काटकी मोडल्याचा आवाज यांवर त्याची सावधता अवलंबून असते. जवळून जाणाऱ्या इंजिनाच्या घरघरीत हे सूक्ष्म ध्वनी बुडून जातात. शिकारीही कानानेच रान वाचीत असल्यामुळे या आवरणाने दोघांचीही हानी होते. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाले की ध्वनीची पातळी सुमारे ६ डेसिबेलने उतरते. म्हणून आवरणाचे क्षेत्र मर्यादित, तर संकेताचे त्याहून पुष्कळ विस्तृत असते.

ओरेगन राज्याच्या ईशान्य भागातील स्टार्की प्रायोगिक वनात २००२ पासून झालेले प्रयोग येथे उपयुक्त ठरतात. यंत्रवाहन, सायकल, घोडा व पायी संचार या चारांची तेथे तुलना करण्यात आली. एल्क या मोठ्या हरणांची हालचाल यंत्रवाहनांमुळे सर्वांत अधिक वाढली. म्यूल जातीच्या हरणांच्या हालचालीत मात्र फारसा फरक आढळला नाही. ती दाट झाडोऱ्यात दडून राहत असावीत, ही शक्यता संशोधकांनी मांडली. अर्थात या प्रयोगांत ध्वनी, वेग व प्रत्यक्ष दर्शन यांचे परिणाम एकमेकांपासून वेगळे काढलेले नव्हते.

तेव्हा ‘हरणे पळाली’ आणि ‘हरणे दिसेनाशी झाली’ ही विधाने समानार्थी नव्हेत. रिकाम्या हाती परतणाऱ्या शिकाऱ्यास दोहोंचे फळ एकच वाटले, तरी उपाय भिन्न आहेत. प्राणी पळत असेल तर वाहनांचे मार्ग दूर नेले पाहिजेत. दडत असेल तर पहाट व सायंकाळ हे त्याच्या चरण्याचे प्रहर निःशब्द ठेवणे अधिक फलदायी ठरेल.

राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या १९७२ च्या आदेशाने वन्यप्राण्यांचा छळ, तसेच भूमीच्या निरनिराळ्या उपभोक्त्यांतील संघर्ष कमीत कमी राहील अशा रीतीने वाहनांचे मार्ग आखावेत, असे फर्मावले. त्यात ‘ध्वनी’ या शब्दाचा स्पष्ट उल्लेख लोकवस्तीच्या संदर्भात आला, वन्यप्राण्यांच्या कलमात नव्हे. वनसेवेच्या २००५ च्या नियमाने वाहने नेमलेल्या मार्गांपुरती बांधली. पण मारलेले मोठे जनावर वाहून आणण्यासाठी मर्यादित सवलत देण्याची मुभाही ठेवली. यावरून वादाचे खरे स्वरूप उघड होते : तो शिकारी आणि यंत्र यांच्यातील नसून, पुष्कळदा एकाच रानातील दोन शिकाऱ्यांमधील असतो.