परवाना कायमचा, नोंदणी पाच वर्षांची

नूतनीकरणाच्या मुदती व शुल्क हा विषय आपल्या पत्रिकेत निघाला की बहुतेक वाचक पान उलटतात. आम्हीही उलटत असू. गेल्या पावसाळ्यातील एका प्रसंगाने ही सवय मोडली.

सूरजागडच्या लोहखाणीवर कंत्राटदाराकडे काम करणारा एक रुग्ण तापाने तीन दिवस घरी होता. बरा झाल्यावर त्याने रजेसाठी आमच्याकडून वैद्यकीय प्रमाणपत्र नेले व दुसऱ्याच दिवशी ते परत आणले. तेथील कारकुनाने आमचा नोंदणी क्रमांक पडताळून पाहिला होता. नोंदणीची मुदत दोन महिन्यांपूर्वीच संपलेली होती. कारकुनाचे काहीच चुकले नव्हते. चूक सर्वस्वी आमची होती. दवाखान्याच्या भिंतीवर चौकटीत लावलेले प्रमाणपत्र आम्ही रोज पाहत होतो, त्यावरील तारीख मात्र वाचत नव्हतो. त्या कामगाराची तीन दिवसांची मजुरी बुडाली ती बुडालीच.

या निमित्ताने आम्ही कायद्याची पाने पुन्हा चाळली. आपल्या व्यवसायाभोवती निरनिराळी वेळापत्रके फिरत असून गेल्या काही वर्षांत त्यांची दिशा एकमेकांपासून वेगळी झाली आहे. औषध दुकानांचे परवाने पूर्वी ठरावीक मुदतीने नूतनीकृत करावे लागत. २७ ऑक्टोबर २०१७ च्या दुरुस्तीने ते कायम झाले. आता दर पाच वर्षांनी केवळ परवाना टिकविण्याचे शुल्क भरावे लागते. ते चुकल्यास दरमहा परवाना शुल्काच्या दोन टक्के विलंब शुल्क बसते. दीड हजारांच्या परवान्यावर ते महिन्याला तीस रुपये होते. ही सवलत सहा महिन्यांपुरतीच असते. त्यानंतर परवाना रद्द झाला असे कायदाच मानतो. तीस रुपयांकडे पाहून निर्धास्त राहणाऱ्या दुकानदार मित्रांनी हे शेवटचे वाक्य दोनदा वाचावे. केवळ आयुर्वेदीय औषधे विकणाऱ्यांस असा विक्री परवाना लागत नाही, पण आपल्या भागात निव्वळ आयुर्वेदावर चालणारी दुकाने किती, हे आपण जाणतोच.

औषध निर्मितीच्या परवान्याचेही तसेच झाले. ऑक्टोबर २०२१ मधील नियमदुरुस्तीने आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधांचे निर्मिती परवाने कायमस्वरूपी केले, अर्ज ऑनलाइन आणले आणि परवाना देण्याची कमाल मुदत तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर आणली.

म्हणजे दुकानाचा परवाना कायम झाला, कारखान्याचाही झाला. वैद्याची नोंदणी मात्र दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. यावर काही वैद्यबंधू संतापतात. पदवी एकदाच मिळते, मग नोंदणी पुन्हा पुन्हा कशासाठी, असा त्यांचा सवाल असतो. आम्ही त्यांच्याशी सहमत नाही. आपल्या चांदा भागात वैद्यांची नोंद प्रथम मध्यप्रांत व वऱ्हाडच्या १९४७ च्या कायद्याने सुरू झाली व पुढे १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियमाखाली आली. इतक्या जुन्या नोंदवहीत दिवंगतांची नावे साचत राहिली, तर त्यांच्या क्रमांकाखाली कोणीही पाटी लावू शकेल. तोतया डॉक्टरांचा सर्वाधिक त्रास दुर्गम भागालाच होतो. नोंदवही जिवंत ठेवायची तर जिवंत माणसाने मधूनमधून ‘आहे’ म्हणावे लागणारच.

शुल्काविषयीही आमची तक्रार नाही. पाच वर्षांवर वाटून पाहिल्यास ती रक्कम कोणत्याही वैद्यास जड नाही. जड आहे ते अंतर. परिषद मुंबईत आहे आणि आम्ही राज्याच्या दुसऱ्या टोकाला, छत्तीसगडच्या सीमेजवळ. अर्ज ऑनलाइन भरता येतो हे खरे. परंतु पावसाळ्यात वीज व नेटवर्क दोन्ही एकाच वेळी मिळणे हा आमच्याकडे योग समजला जातो. पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटते. कागदपत्रांत एखादी त्रुटी निघाली तर ती दुरुस्त करण्यासाठी जिल्ह्याचे ठिकाण गाठावे लागते आणि त्यात दिवस मोडतो. त्या दिवशी दवाखाना बंद राहतो, आणि रुग्ण दुसरीकडे जाईल म्हणावे तर दुसरीकडे म्हणजे कोठे?

मुदत चुकण्याची आणखी एक बाजू फारशी बोलली जात नाही. आमच्यासारखे अनेक वैद्य आठवडी बाजारातून हिरडा, बेहडा, आवळा घेतात आणि आपल्या रुग्णांपुरते चूर्ण, काढे दवाखान्यातच सिद्ध करतात. स्वतःच्या रुग्णांसाठी औषध करणाऱ्या वैद्यास औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमाने निर्मिती परवान्यातून सूट दिली आहे. २००० साली आलेल्या अनुसूची ‘टी’मध्येही ती सूट आहे, मात्र तेथे शब्द ‘नोंदणीकृत वैद्य’ असा आहे. नोंदणी खंडित असलेल्या काळात कुटलेल्या त्रिफळा चूर्णास कोणता आधार उरतो? उद्या कोणी कपाट उघडून विचारले, तर दोन महिन्यांचा तो खंड आम्ही कशाने भरून काढणार होतो, याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. सुदैवाने कोणी विचारले नाही.

नूतनीकरण झाल्यावर आम्ही पुढची तारीख औषधांच्या कपाटाच्या दारावर आतून रंगाने लिहून ठेवली आहे. परिषदेकडे मात्र संघटनेने एक मागणी लेखी मांडावी असे आम्हांस वाटते. गडचिरोली व चंद्रपूरच्या वनव्याप्त तालुक्यांतील ज्या वैद्यांची मुदत जून ते सप्टेंबर या काळात संपते, त्यांना ऑक्टोबरअखेरपर्यंत विलंब शुल्काविना अर्ज करता यावा व तोवर त्यांची नोंदणी अखंड धरली जावी. जिल्हा शाखेनेही दर एप्रिल-मे महिन्यांत, रस्ते कोरडे असताना, अहेरी किंवा एटापल्लीस एक दिवसाचे शिबिर घेऊन अर्ज भरून द्यावेत. आपापली मुदत कोणत्या महिन्यात संपते ते सभासदांनी शाखेच्या चिटणीसांस पोस्टकार्डाने कळविले, तरी यादी तयार होईल. आमचे कार्ड आम्ही टाकले आहे.