ओढ्याची नोंदवही

पुण्याच्या पश्चिमेला खाटपेवाडीच्या परिसरात उगम पावणारी राम नदी भुकूम, भूगाव, बावधन, पाषाण, सोमेश्वरवाडी, बाणेर अशी वाट काढत औंधजवळ मुळेला मिळते. लांबी १८-१९ किलोमीटर. उन्हाळ्यात तिचं पात्र काही ठिकाणी एका ढांगेत ओलांडता येतं. वरच्या गावांत तिला अजून नदी म्हणतात, खाली बाणेरकडे आलं की लोक सरळ ‘नाला’ म्हणतात. एकदा नाला म्हटलं की त्यात काहीही सोडायला मोकळीक मिळते. मुळा-मुठेच्या प्रदूषणावर आपण इतकं बोलतो, पण ती घाण मोठ्या नदीत येते ती बव्हंशी अशाच ओढ्या-नाल्यांतून. सरकारी मोजणीची ठिकाणं मात्र प्रामुख्याने मोठ्या नद्यांवर असतात आणि तिथेही नमुना घेतला जातो तो महिन्याला किंवा तिमाहीला एकदा. घराच्या मागून वाहणारा ओढा कुणाच्याच वहीत नसतो. म्हणून तो काठच्या लोकांनी मोजायला हवा, असं मला फार मनापासून वाटतं.

पुण्यात याची सुरुवात झालेली आहे. २०१४ पासून काम करणाऱ्या ‘जीवितनदी’ या संस्थेने नदीकाठाचा एकेक तुकडा नागरिकांनी दत्तक घ्यावा अशी कल्पना मांडली. मुठेवर विठ्ठलवाडी आणि औंधला राम-मुळा संगम ही त्यातली दोन ठिकाणं. काठ झाडून काढणं, मुलांना नदीवर आणणं, पाण्याचं आरोग्य पाहणं असं ते काम. यातल्या पाणी तपासण्याच्या भागाबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे, कारण त्याला पैसे कमी लागतात आणि चिकाटी फार लागते.

सामू मोजायला रंग बदलणारी पट्टी पुरते. क्षार मोजणारं पेनासारखं यंत्र स्वस्तात मिळतं. गढूळपणासाठी तळाशी काळी-पांढरी खूण असलेली उभी पारदर्शक नळी वापरतात. पाणी ओतत जायचं आणि खूण दिसेनाशी झाली की उंची वाचायची. या तिन्ही गोष्टी सातवीतली मुलंही नीट करतात.

खरी गोष्ट सांगतो तो पाण्यात विरघळलेला प्राणवायू. तो मोजण्याची पद्धत लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये शोधली, तेव्हा तो पंचविशीत होता. आजही कॉलेजच्या प्रयोगशाळेत तीच शिकवतात. काचेच्या बाटलीत एकही बुडबुडा न राहू देता ओढ्याचं पाणी भरायचं आणि त्यात मँगनीजचा क्षार व अल्कलीयुक्त आयोडाइड घालायचं. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो. अजिबात नसेल तर साका पांढराच राहतो. मग आम्ल घातलं की पाणी पिवळं होतं, आणि त्या पिवळेपणावरून प्राणवायू किती ते काढता येतं. पुण्याच्या हवेत २५ अंश तापमानाच्या स्वच्छ वाहत्या पाण्यात लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम प्राणवायू असायला हवा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांत आंघोळीच्या पाण्याला किमान ५ आणि मासे जगण्यासाठी किमान ४ लागतो. रसायनशास्त्र न शिकलेल्या माणसालाही बाटलीतला पांढरा साका लगेच कळतो. त्या पाण्यात मासा जगणार नाही, हे कुणी वेगळं सांगावं लागत नाही.

इथे वेळेचा प्रश्न येतो, आणि तो माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे. शेवाळ आणि पाणवनस्पती दिवसा उन्हात प्राणवायू तयार करतात, रात्री मात्र सगळेच जीव तो नुसता वापरतात. त्यामुळे शेवाळलेल्या ओढ्यात दुपारी दोनला आकडा अगदी झकास येऊ शकतो आणि पहाटे पाचला तोच आकडा माशांचा जीव घेण्याइतका खाली गेलेला असतो. कचेरीच्या वेळेत येणाऱ्या माणसाला ही पहाट कधी दिसत नाही. काठावर राहणाऱ्याला ती दिसू शकते. मैलापाण्याचा लोंढा सकाळी घराघरांतल्या आंघोळी-धुण्याच्या वेळी येतो, हेही त्यालाच ठाऊक असतं. तेव्हा महिन्यातून एकदा तरी उजाडण्याआधी बाटली भरावी, आणि प्रत्येक नोंदीपुढे तारखेइतकीच ठळक वेळ लिहावी.

पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना किती प्राणवायू लागतो, त्या मापाला बीओडी म्हणतात. आपल्याकडे नमुना २७ अंशांवर ३ दिवस ठेवून तो मोजतात, म्हणून त्यासाठी प्रयोगशाळा लागते. इथे कॉलेजच्या मुलांचा मोठा आधार होतो. आंघोळीच्या पाण्यासाठी मर्यादा ३ मिलिग्रॅमची आहे. प्रक्रिया न केलेल्या घरगुती मैलापाण्याचा बीओडी २०० च्या आसपास सहज असतो.

रसायनांच्या बाटल्या फक्त त्या क्षणाचं पाणी सांगतात. दगडाखालचे किडे मागच्या कित्येक आठवड्यांचं सांगतात, आणि मुलांना सगळ्यात जास्त तेच आवडतं. पाण्यातला दगड उलटा करायचा, पांढऱ्या ट्रेमध्ये धुवायचा आणि काय वळवळतं ते पाहायचं. मेफ्लाय, कॅडिसफ्लाय यांच्या अळ्या असतील तर पाणी चांगलं. चतुर आणि टाचणीची पिल्लं मधल्या पाण्यातही तग धरतात. सगळा ट्रे लालभडक, केसासारख्या बारीक अळ्यांनी भरला तर प्राणवायू संपत आलाय. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा, ते त्यांना तुटपुंज्या प्राणवायूतही जगवतं. दक्षिण आफ्रिकेत शाळकरी मुलांसाठी याच किड्यांचे १३ गट पाडून गुण देण्याची सोपी पद्धत तयार केली आहे.

किडे मोजण्याचा उपयोग काय, याचं उत्तर इंग्लंडच्या केनेट नदीने दिलं. जुलै २०१३ मध्ये मार्लबरो गावाखालच्या सुमारे १५ किलोमीटरच्या पात्रातले किडे आणि गोड्या पाण्यातली कोळंबी मरून गेली. पाणी दिसायला नितळच होतं. नेमाने जाळी टाकून किडे मोजणाऱ्या स्वयंसेवकांच्या जाळ्यात काही येईना, तेव्हा शोध सुरू झाला. कारण निघालं क्लोरपायरिफॉस, आपल्याकडे वाळवीसाठी सर्रास मारतात तेच औषध. ते मैलापाण्याच्या केंद्रातून नदीत उतरलं होतं. आधीच्या महिन्यांच्या नोंदी नसत्या, तर ‘इथे किडे नव्हतेच’ असं कुणीही म्हटलं असतं.

नोंदी मात्र वादात टिकायला हव्यात. दर वेळी तीच जागा, शक्यतो तीच वेळ. प्रवाहाकडे तोंड करून उभं राहायचं, पायाने उठलेला गाळ बाटलीत येऊ द्यायचा नाही, ओढ्याच्याच पाण्याने बाटली विसळून घ्यायची. एकाच जागी दोन नमुने घ्यायचे आणि आकडे जुळतात का पाहायचं. अधूनमधून एक नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्यायचा, म्हणजे आपल्या मोजणीची पारख होते. आदल्या दोन दिवसांतला पाऊस लिहायचा. हातमोजे आणि गमबूट घालायचेच. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसची भीती खरी आहे, आणि पाणी चढलेलं असताना मुलांना पात्रात उतरवूच नये.

अशी वही वर्षभर भरली की ती आपोआप वरच्या बाजूला चालायला लावते. एका पुलाजवळ प्राणवायू ५ आणि पुढच्या पुलाजवळ १ असेल, तर मधल्या पट्ट्यात काहीतरी मिसळतंय. तेवढं अंतर काठाने चालून गेलं की पाइप सापडतो. कधी तो महापालिकेच्या फुटलेल्या वाहिनीचा असतो, कधी एखाद्या सोसायटीचा, जिचं सांडपाणी शुद्धीकरण यंत्र कागदोपत्री चालू असतं. वॉर्ड ऑफिसात ‘नदी घाण झालीय’ असा अर्ज दिला तर तो फायलीत जातो. वर्षभराचे आकडे, वेळा, पाइपाचा फोटो आणि जागेचा नकाशा जोडला तर अभियंत्याला जागेवर यावं लागतं. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडेही तोच गठ्ठा पाठवावा, कारण १९७४ च्या जल कायद्याखाली कारवाईचा अधिकार त्यांचा आहे.

एक गोष्ट विशेष आग्रहाने सांगतो. बहुतेक गट जिथे वास येतो तिथेच मोजतात. राम नदीवर पहिला नमुना खाटपेवाडी-भुकूमच्या बाजूला, वस्तीच्या वर घेतला पाहिजे. तिथलं पाणी खालच्या मानाने स्वच्छ आहे, आणि बांधकामं झपाट्याने वर सरकत आहेत. तिथल्या दगडाखाली आज कोणते किडे आहेत, पहाटे प्राणवायू किती असतो, हे आत्ताच लिहून ठेवायला हवं. उद्या खालची नदी सुधारायची ठरली, तर ती कुठवर सुधारायची याचं माप दुसरीकडून मिळणार नाही. पाऊस थांबून धार स्थिर झालेली असते तो काळ या कामासाठी चांगला, म्हणजे दिवाळीपासून पुढचे दोन-तीन महिने.