नवले पुलाचा उतार आणि माझे चार टायर

(एपिसोड ऐकायला वेळ नाही म्हणणाऱ्यांसाठी. बोललो तसंच आहे, फक्त ‘म्हणजे’ थोडे कमी केलेत.)

एकच प्रश्न सारखा येतोय: "गाडी स्पोर्टी आहे, टायर संपलेत, कुठले घेऊ?" मी टायरवाला नाही, हिंजवडीत कोड लिहितो. पण गेल्या जुलैत हा अभ्यास मला करावाच लागला.

माझी गाडी सेकंडहँड पोलो जीटी टीएसआय, २०१८ चं मॉडेल. चाकणला बनलेली, म्हणजे पक्की पुणेकर. आईला साताऱ्याहून घेऊन येत होतो. कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत जो उतार लागतो, त्याबद्दल पुण्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. पाऊस धो धो. पुढचा टेम्पो थांबला, मी ब्रेक दाबला, पायाखाली एबीएस थरथरायला लागलं आणि गाडी आपली चाललीच आहे. थांबली तेव्हा मध्ये हातभर जागा. आई काही बोलली नाही. डॅशबोर्डवर टेकवलेला हात मात्र तिनं घर येईपर्यंत काढला नाही.

दुसऱ्या दिवशी गेज लावून खाच मोजली. पुढच्या टायरला जेमतेम २ मिलिमीटर. कायद्यात किमान १.६ लागते, म्हणजे मी पूर्ण कायदेशीर होतो! नव्या टायरला साधारण ८ असते. तारीख बघितली तर टायर गाडीसोबत आलेलेच. सात वर्षांचं रबर कडक होणारच.

आता थोडं गणित, कारण मला गणिताशिवाय पटत नाही. गाडीचं वजन साधारण ११०० किलो, हवा ३३ पीएसआय. भागाकार केला तर एका टायरचा रस्त्याला टेकणारा भाग येतो जवळपास १२० चौरस सेंटीमीटर. तळहाताएवढा. टायर १९५ मिलिमीटर रुंद, रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी, वेग ८०. म्हणजे एका टायरला दर सेकंदाला सुमारे १३ लिटर पाणी बाजूला सारायचंय. जवळजवळ बादलीभर, दर सेकंदाला. हे काम खाचा करतात. खाच उरली नाही की टायर पाण्यावर तरंगायला लागतो. आणि एबीएस चाक जाम होऊ देत नाही, पण नसलेली पकड ते कुठून आणणार?

तर मंडळी, आपल्याकडे ‘परफॉर्मन्स’ म्हणजे जून ते सप्टेंबरमध्ये गाडी किती अंतरात थांबते, हे. शून्य ते शंभरचं नंतर बघू.

माझा मूळ प्लॅन वेगळाच होता. १७ इंची अलॉय आणि त्यावर २०५/४५. कंपनीचा साइज १९५/५५ आर१६. बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो, ६२१ च्या जागी ६१६ मिलिमीटर. पण टायरची बाजूची भिंत १०७ वरून ९२ मिलिमीटरवर येते. खड्ड्याचा मार आधी ही भिंत खाते, मग रिम. १५ मिलिमीटर उशी काढून घ्यायची आणि पावसाळ्यात कात्रज-कोंढवा रोडला जायचं? प्लॅन रद्द. मित्र अजून चिडवतात.

साइजच्या पुढे ८७व्ही लिहिलेलं असतं. ८७ म्हणजे एका टायरची क्षमता ५४५ किलो, व्ही म्हणजे २४० पर्यंतचा वेग. "साहेब, एच पण चालतो, कोण २१० ने पळवतंय?" असं दुकानात ऐकवतील. पळवत कोणीच नाही, पण कंपनीनं जेवढं दिलंय त्याच्या खाली उतरू नका.

आता स्पोर्ट की टूरिंग? मिशलिनचं पायलट स्पोर्ट हे स्पोर्ट, प्रायमसी हे टूरिंग. कॉन्टिनेंटलचं मॅक्सकॉन्टॅक्ट स्पोर्टकडे झुकलेलं, अल्ट्राकॉन्टॅक्ट आरामाकडे. चांगला स्पोर्ट टायर ओल्यातही मस्त धरतो, उगाच नावं ठेवणार नाही. पण तो महाग, आणि झिजतोही लवकर. मग काय होतं? एवढे पैसे घातले म्हणून माणूस तो १.६ पर्यंत ओढतो. ३ मिलिमीटरच्या खाली गेलेला महागडा टायर साचलेल्या पाण्यात भरल्या खाचेच्या साध्या टायरपुढे टिकत नाही. मी अल्ट्राकॉन्टॅक्ट यूसी६ घेतले आणि ३ मिलिमीटर झाले की बदलायचे, हे आत्ताच ठरवून टाकलंय. दर रविवारी पहाटे ताम्हिणीत जाणारे असाल, तर स्पोर्ट घ्या, पण ३ चा नियम तुम्हालाही लागू.

यूट्यूबवरच्या युरोपातल्या टेस्ट बघून नाव पक्कं करू नका. आपल्याकडे मिळणारी बरीच मॉडेल्स आशियासाठी वेगळी बनवलेली असतात. शिवाय जून २०२० पासून टायरच्या आयातीवर निर्बंध आहेत, त्यामुळे तिकडे बघितलेला टायर इथे मिळेलच असं नाही. आणि आयएसआय मार्क नसलेला ‘इंपोर्टेड माल’ कोणी स्वस्तात देत असेल, तर सरळ निघून या.

तारखेची भानगड माझ्या बाबतीत झालीच. पहिल्या दुकानात भाव छान लागला. टायरच्या बाजूला डीओटीनंतर शेवटचे चार आकडे बघितले: ३२२१. म्हणजे २०२१ चा बत्तिसावा आठवडा. म्हटलं, "काका, हा तर जुना आहे." काका म्हणे, "अहो, वापरलाय कुठे, नवाच आहे." मी दुसऱ्या दुकानात गेलो. चारही टायरवरचे आकडे स्वतः वाचा, आणि टायर चढवायच्या आधी.

बजेट दोनच टायरचं असेल तर? पोलोसारखी गाडी पुढच्या चाकांवर ओढते, पुढचे लवकर झिजतात, म्हणून सगळे नवे पुढे लावतात. उलट करा. नवे मागे, आणि जुन्यातले बरे पुढे. पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते, ते स्टिअरिंगवर कळतं आणि पाय काढला की बहुतेक वेळा सावरते. मागचे घसरले तर गाडी फिरते, आणि ती सावरणं आपल्यासारख्यांचं काम नाही. दुकानदार वाद घालेल. घालू दे.

अलाइनमेंट, बॅलन्सिंग त्याच दिवशी करून घ्या. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून, नव्या रबराचा गुळगुळीतपणा जाईपर्यंत. हवा सकाळी, टायर गार असताना तपासायची, दाराजवळच्या स्टिकरवर असेल तेवढी. माझा गेज आता ग्लव्ह बॉक्समध्ये असतो. परवा आईनं तो काढून विचारलं, "हे काय रे?" दाखवलं कसं मोजायचं. तिनं खाली उतरून चारही टायर मोजले, मगच बसली.